कार्पल टनलचं ऑपरेशन ११ तारखेला आहे, घरची काय तयारी करू? (ठाणे)

पोळपाट_लाटणं | ३ सप्टेंबर, रात्री ११:४०

नमस्कार. इथे बरीच वर्षं नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

मी वर्तकनगरला घरून पोळीभाजी देते. रोज दीडशेच्या आसपास पोळ्या. मदतीला एक मावशी आहेत, पण लाटायला मीच. गेलं वर्षभर उजव्या हाताचा अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांना मुंग्या येतात. आधी वाटलं दगदग. मग रात्री दोन-अडीचला जाग यायला लागली. उठायचं, हात झटकायचा, पलंगाच्या कडेवरून खाली सोडून बसायचं, दहा मिनिटांनी जरा बरं. यंदा गणपतीत कहर झाला. साडेतीनशे उकडीच्या मोदकांची ऑर्डर होती आणि कळ्या पाडताना पारी किती पातळ झालीय हेच बोटांना कळेना. फाटली की मग डोळ्यांना दिसायचं.

एनसीव्ही (नसांची तपासणी) झाली. उजवा 'सिव्हिअर', डावा 'माइल्ड'. तीन महिने रात्री मनगटाला पट्टा लावून झोपले. मे महिन्यात मनगटात इंजेक्शन घेतलं, दीड महिना स्वर्ग, मग ये रे माझ्या मागल्या. थायरॉइडची गोळी पाच वर्षं चालू आहे, शुगर नाही. सर्जन म्हणाले, आता थांबू नका. सकाळी जायचं, संध्याकाळी घरी.

डॉक्टरांनी ऑपरेशनच्या वीस मिनिटांबद्दल सगळं समजावलं. मला त्यापुढच्या वीस दिवसांची धास्ती आहे. उजवा हात नाही म्हणजे नक्की काय काय नाही?

आणि ११ तारीख पितृपंधरवड्यात येते. सासूबाई म्हणतात नवरात्रात करा. मला हेच दिवस सोयीचे, कारण ऑर्डरी थंड असतात आणि दिवाळीच्या फराळाला हात मोकळा हवा. नुसत्या चकल्याच ४० किलो असतात.

---

शंकेखोर | ४ सप्टेंबर, सकाळी ७:१५

ऑपरेशनची एवढी घाई कशाला? माझ्या आत्याला असंच होतं. कोमट तिळाच्या तेलाने रोज मसाज केला, सहा महिन्यांत बरं वाटलं. एकदा हातावर सुरी फिरली की फिरली.

---

डॉ_अर्धवट | ४ सप्टेंबर, सकाळी ८:०२

शंकेखोर, आत्याबाईंची केस बहुधा माइल्ड असावी. माइल्डमध्ये रात्रीचा पट्टा, कामातला बदल, कधी इंजेक्शन एवढ्याने भागतं. गरोदरपणात सुरू झालेला त्रास तर बऱ्याचदा बाळंतपणानंतर आपोआप जातो. धागाकर्तीचा रिपोर्ट सिव्हिअर आहे, हे सगळं करूनही झालंय.

आत काय होतं ते थोडक्यात सांगतो. मनगटात एक बोगदा आहे, तोच कार्पल टनल. खाली आणि बाजूंना हाडं, वर जाड पट्टीसारखं लिगामेंट. त्यातून बोटं मिटणाऱ्या नऊ दोऱ्या आणि एक नस जाते, मीडियन नर्व्ह. दोऱ्यांभोवती सूज आली तरी बोगदा काही रुंद होत नाही, मग चेंगरते ती नस. सातच्या ठाणे फास्टमध्ये दारातल्या माणसाचं जे होतं तेच. मनगट मुडपून झोपलं की दाब वाढतो, म्हणून त्रास रात्रीचा. ऑपरेशनमध्ये ती वरची पट्टी कापून नसेला जागा करून देतात. तेल कातडीला लागतं, तिथवर पोचत नाही.

ताई, एक प्रश्न. करंगळीलाही मुंग्या येतात का? मान दुखते का?

---

पोळपाट_लाटणं | ४ सप्टेंबर, दुपारी ३:२०

करंगळी ठणठणीत आहे डॉक्टर. अनामिकेची मधल्या बोटाकडची बाजू बधिर, करंगळीकडची बरी. हे मलाच विचित्र वाटायचं, एका बोटात दोन घरं. मान नाही दुखत.

---

डॉ_अर्धवट | ४ सप्टेंबर, दुपारी ३:४५

अगदी पुस्तकातलं वर्णन. करंगळी आणि अनामिकेची ती बाजू दुसऱ्या नसेकडे असते आणि ती नस या बोगद्यातून जातच नाही. करंगळी जास्त बधिर असती किंवा मानेतून कळ येत असती, तर आधी तिकडे बघा म्हणालो असतो.

थायरॉइडची ताजी तपासणी फाइलला लावा. मे महिन्यातल्या इंजेक्शनची तारीख सर्जनना स्वतःहून सांगा. इंजेक्शन अगदी ताजं असेल तर जंतुसंसर्गाच्या भीतीने काही सर्जन थांबतात, तुम्हाला आता बरेच महिने झालेत. रक्त पातळ करणारी गोळी घरात कोणाच्या सांगण्यावरून चालू असेल तर तीही सांगा, आपल्या मनाने बंद करू नका. आणि कोपरापर्यंतचे केस घरी वस्तऱ्याने काढत बसू नका. बारीक ओरखडे पडतात आणि त्यातूनच जंतू जातात.

---

मासुंदा | ४ सप्टेंबर, रात्री ९:३०

अवांतर: मनगट मोडल्यावर ही नस दाबली जाते हे इंग्लंडच्या सर जेम्स पॅजेट यांनी १८५४ साली लिहून ठेवलं होतं. पण दोन्ही मनगटं वाकवून हाताच्या मागच्या बाजू एकमेकींना टेकवून मिनिटभर धरायची जी चाचणी डॉक्टर करतात, ती अमेरिकन सर्जन जॉर्ज फॅलन यांच्या नावाची. तो मान विसाव्या शतकातला.

---

पोळपाट_लाटणं | ४ सप्टेंबर, रात्री ९:४१

मासुंदा, माहिती छान आहे हो, पण पॅजेटसाहेबांच्या घरी पोळ्या कोण करत होतं तेही सांगा!

---

जुई_नेरूळ | ५ सप्टेंबर, सकाळी ११:१०

ताई, माझे दोन्ही हात झालेत, आठ महिन्यांच्या अंतराने. दोन्ही एकदम करू नका, कोणी कितीही आग्रह केला तरी. स्वतःचं स्वतः धुण्याइतका एक हात तरी शाबूत हवा.

तुमच्या प्रश्नाकडे येते. बोटं मोकळी असतात, हलवायचीच असतात. कप धरता येतो, फोन धरता येतो. जे जमत नाही ते म्हणजे पिळणं, दाबणं आणि भिजवणं. आता आपल्या दिवसात पिळणं, दाबणं, भिजवणं सोडून काय असतं ते बघा. पोछा, कणीक, कुकरचं झाकण, लोणच्याची बरणी, गॅसचा लायटर, खोबरं खवणं, ब्लाउजचे हूक, परकराची नाडी.

म्हणून एक दिवस आधी नाही, आठवडाभर आधी तालीम सुरू करा. सकाळी उठल्यापासून उजवा हात पदरात गुंडाळून ठेवा आणि कुठे अडतंय ते बघा. मला पहिलाच धक्का संडासात बसला. आपल्याकडे जेट स्प्रे उजव्या हाताला असतो, उजव्याने धरायचा आणि डाव्याने धुवायचं. उजव्याला बँडेज म्हटल्यावर दोन्ही कामं डाव्याने आणि नळी पोचेना. प्लंबर बोलावून लांब नळी लावून घेतली. कोणी सांगत नाही हे.

कपडे: पुढून बटणांचे गाऊन, त्यातही ढगळ बाहीचे. बँडेज चांगलं जाडजूड असतं, घट्ट बाहीतून जात नाही. नाडीऐवजी इलास्टिक. केस लांब असतील तर ११ तारखेच्या आदल्या दिवशी धुऊन घ्या आणि कोणाकडून तरी घट्ट वेणी घालून घ्या.

बांगड्या आणि अंगठी आत्ताच काढून बघा. माझ्या पाटल्या वीस वर्षांत उतरल्या नव्हत्या. ऐन वेळी नर्सने साबण लावून ओढाओढ केली तेव्हा ऑपरेशनपेक्षा तेच जास्त दुखलं. घरी पातळ प्लॅस्टिकची पिशवी हातावर चढवायची आणि तिच्यावरून बांगडी सरकवायची, बिनबोभाट निघते. नखाचं पॉलिशही काढा.

पितृपंधरवड्याचं म्हणाल तर, तुमच्या आधीच्या पिढीतल्या बायकांचेही हात असेच बधिर पडत असणार, फक्त कोणी चाचणी केली नाही. त्या आशीर्वादच देतील.

---

खाडीपल्याड | ५ सप्टेंबर, दुपारी १:०५

ऐरोलीहून. माझा उजवा दोन वर्षांपूर्वी झाला. घरातलं सगळं जुईताईंनी सांगितलं, मी कागदपत्रांचं सांगतो.

१. इन्शुरन्स. हे डे-केअरमध्ये बसतं, २४ तास ॲडमिट व्हायची गरज नसते. पण काही पॉलिसींत ठरावीक आजारांना दोन वर्षांची थांबण्याची मुदत असते, ती यादी वाचा. कॅशलेसचा अर्ज हॉस्पिटलच्या इन्शुरन्स डेस्कवरून आधीच पाठवायला लावा. माझ्या वेळी डेस्कवाल्याने एनसीव्हीचा रिपोर्ट जोडलाच नाही. क्वेरी आली आणि मी भुकेल्या पोटी दुपारी दोनपर्यंत बाकावर बसलो.

२. फोनमध्ये डाव्या अंगठ्याचा ठसा घालून ठेवा.

३. सही! पंधरा दिवस सही जमली नाही आणि सोसायटीचा चेक परत आला. जे चेक द्यायचे असतील ते आधी लिहून ठेवा.

४. संमतीपत्र उघडून वाचा, सही करायच्या आधी. हात कोणता लिहिलाय ते बघा. सर्जन हातावर पेनाने खूण करतात, ती तुम्ही जाग्या असताना आणि स्वतः सर्जननेच केलेली बघा. मला हा वेडेपणा वाटला होता, पण आमच्या सर्जननेच तीनदा विचारलं.

---

निवृत्त_टंकलेखक | ५ सप्टेंबर, रात्री १०:५०

खारघरहून लिहितो. वय ६७, मधुमेह १८ वर्षं. सरकारी खात्यात ३१ वर्षं मराठी टंकलेखन केलं. हाताला मुंग्या यायच्या तर म्हणायचो, मधुमेहाच्या असतील. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, मी आज करू उद्या करू करत तीन वर्षं काढली. मग एक गंमत झाली, दुखायचं थांबलं. मला वाटलं, बरं झालं. बरं नव्हतं झालं, नसच मेल्यात जमा झाली होती.

अंगठ्याच्या बुडाशी जो मांसल उंचवटा असतो ना, तो माझ्या उजव्या हाताला नाही. तिथे खड्डा आहे. शेवटी ऑपरेशन केलं, रात्रीची झोप परत आली, पण खड्डा काही भरला नाही. शर्टाचं वरचं बटण अजून आमची ही लावते. चिमटीत नाणं धरता येत नाही, रिक्षावाल्याला सगळा खिसाच पुढे करतो.

ताई, पंधरवडा वगैरे बघू नका. जा.

---

शंकेखोर | ५ सप्टेंबर, रात्री ११:२२

काका, वाचून गप्प झालो. तेलाचा प्रतिसाद मागे घेतो. माझ्याच डाव्या हाताला सकाळी बाइकवर मुंग्या येतात, सोमवारी दाखवून येतो.

---

हस्तरेषा | ६ सप्टेंबर, सकाळी ९:००

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट. ऑपरेशननंतर आमच्याकडे येणारे निम्मे लोक हात गळ्यात अडकवून, छातीशी धरून, लहान बाळासारखा सांभाळत येतात. सगळी बोटं सुजून ताठ. असं करू नका. हात हृदयाच्या वर ठेवायचा, झोपताना दोन उशांवर. बोटं पहिल्या दिवसापासून हलवायची: पूर्ण उघडा, हळूहळू मूठ मिटा, अंगठा प्रत्येक बोटाच्या टोकाला लावा. जागेपणी दर तासाला दहादा. खांदा आणि कोपरही फिरवत राहा.

हे आत्ताच, दुखत नसताना शिकून घ्या. गुंगीत कोणी शिकवलेलं घरी जाईपर्यंत विसरतं.

चकल्यांबद्दल आत्ताच सांगते, म्हणजे ऑर्डर घेताना फसगत नको. टाके निघाले म्हणजे हात बरा झाला असं नाही. तळहाताच्या बुडाशी, व्रणाच्या दोन्ही बाजूंना दाबलं की दुखतं, आमच्या भाषेत पिलर पेन. ते कित्येक आठवडे, कधी दोन-तीन महिने राहतं. चकलीचा सोऱ्या नेमका तिथेच दाबला जातो, लाटण्याचाही भार तिथेच. हलक्या पोळ्या महिन्या-दीड महिन्याने, त्याही थोड्या. मुठीतली ताकद पूर्ण यायला तीन ते सहा महिने. ४० किलो चकल्या यंदा दुसऱ्याकडून.

---

पोळपाट_लाटणं | ७ सप्टेंबर, रात्री १०:१५

सगळ्यांना दंडवत. काकांचा प्रतिसाद सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवला. त्यांनी स्वतःच्या अंगठ्याचं बूड चाचपून बघितलं आणि म्हणाल्या, "जाऊन ये." विषय संपला.

आज दिवसभर तालीम केली. डाव्या हाताने दात घासताना ब्रश हिरडीत घुसवला. डाव्या हाताने जेवायला बसले तर घास तोंडापर्यंत जाईना, कारण मनच तयार होईना. चमचा घेतला. बांगड्या पिशवीच्या युक्तीने निघाल्या, सोन्याची अंगठी मात्र नाही. उद्या राम मारुती रोडवर सोनाराकडे जाऊन कापून घेणार.

पोळ्यांचं असं ठरलंय: २५ गिऱ्हाइकांना मेसेज केला की १० तारखेपासून महिनाभर भात, भाजी, आमटी मिळेल, पोळी नाही. मावशी फोडणीपर्यंत सगळं करतात. सहा जण गळाले, बाकीचे राहिले. एका आजोबांनी विचारलं, भाकरी तरी? भाकरी थापायला काय पायाने थापू?

---

डॉ_अर्धवट | ७ सप्टेंबर, रात्री १०:४०

अंगठी कापून घ्या हे उत्तम. हात सुजला की ती बोटाला फास लावते.

भूल कोणती ते विचारलंत का? नुसती हाताची असेल तर दोन प्रकार. एकात दंडाला पट्टा आवळून रक्तपुरवठा थांबवतात. पेशंटची तक्रार बहुधा त्या पट्ट्याचीच असते. दुसऱ्यात पट्टा नाही, भुलेच्या औषधात ॲड्रिनलिन मिसळतात, त्याने रक्तवाहिन्या आकसतात. ही पद्धत कॅनडाच्या डोनाल्ड लालोंद यांनी जगभर पोचवली. त्यात इंजेक्शन देऊन अर्धा तास थांबावं लागतं आणि हात पांढराफटक पडतो, घाबरू नका. उपाशी राहायचं की नाही ते भुलेवर ठरतं, त्यामुळे हॉस्पिटल सांगेल तेच. थायरॉइडची गोळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायची का तेही विचारून ठेवा.

---

पोळपाट_लाटणं | १३ सप्टेंबर, दुपारी ४:३०

झालं ऑपरेशन हात छान आहे बोलून लिहितेय त्यामुळे चुका समजून घ्या भूल पट्ट्याविना होती मी जागी होते डॉक्टर गाणी लावतात २३ तारखेला ताक काढणार आहेत

---

मासुंदा | १३ सप्टेंबर, दुपारी ४:३६

ताक काढणार म्हणजे लोणी आम्हाला!

---

पोळपाट_लाटणं | १३ सप्टेंबर, दुपारी ४:५०

टाके हो टाके फोनला टाके कळत नाही

---

पोळपाट_लाटणं | १४ सप्टेंबर, सकाळी ११:३०

आता लेक टाइप करतेय, मी सांगतेय. एक गोष्ट सांगायलाच हवी, विशेषतः खाडीपल्याड यांना.

सकाळी सातला पोचलो. पावसामुळे आदल्या रात्रीपासून घोडबंदरचं ट्रॅफिक तुंबलेलं होतं, म्हणून साडेपाचलाच निघालो. ॲडमिशनच्या खिडकीवरच्या मुलीने कागदांचा गठ्ठा पुढे केला आणि फुल्या मारलेल्या जागा दाखवल्या, "इथे, इथे आणि इथे." मी म्हटलं, वाचते. तिचा चेहरा पडला. मागे रांग होती. तिसऱ्या पानावर ऑपरेशनच्या नावापुढे 'डावा' लिहिलं होतं. एनसीव्हीच्या रिपोर्टवर दोन्ही हात आहेत, त्यातून कोणीतरी उचललं असणार. मी दाखवल्यावर ती म्हणाली, "अहो, डॉक्टरांना माहीत असतं." मी म्हटलं, असेल, पण सही माझी आहे. नवा कागद छापून आला तेव्हाच सही केली. नंतर सर्जन आले, त्यांनी मलाच विचारलं कोणता, आणि उजव्या मनगटावर जांभळ्या पेनाने बाण काढला. कागदाचं सांगितलं तर त्यांचा आवाज एकदम थंड झाला आणि ते खिडकीकडे चालू लागले. पुढे काय झालं ते ऐकू आलं नाही.

बाण अजून आहे. पुसायचं मन होत नाही.

ऑपरेशन म्हणाल तर, इंजेक्शन चांगलंच झोंबलं, नंतर कोणीतरी लांबून कापड ओढतंय एवढंच. रात्री भूल उतरल्यावर ठणका लागला, पॅरासिटामॉलवर भागलं. पण त्या रात्री मुंग्यांनी जाग आली नाही. ठणक्याने आली. फरक कळतो.

---

निवृत्त_टंकलेखक | १४ सप्टेंबर, दुपारी १२:१०

शाब्बास पोरी.

---

हस्तरेषा | १४ सप्टेंबर, दुपारी १:००

आंघोळीला प्लॅस्टिकची पिशवी दुहेरी, वर रबरबँड सैल. बोटं पांढरी-निळी पडली, ताप आला, बँडेज ओलं किंवा वास येणारं झालं, तर टाक्यांच्या तारखेची वाट न बघता फोन करायचा.

---

पोळपाट_लाटणं | २४ सप्टेंबर, रात्री ९:२०

डाव्या हाताने टाइप करतेय, सवय झाली. काल टाके निघाले. व्रण तळहातावर जेमतेम दोन पेरांएवढा. एवढ्याशा फटीतून एवढं केलं याचं नवल वाटतं.

मुंग्या गेल्या. बधिरपणा मात्र बराचसा आहे, विशेषतः मधल्या बोटाच्या टोकाला. डॉक्टर म्हणाले, नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर भरून येते, मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत मोजा आणि जितके मिलिमीटर तेवढे दिवस धीर धरा. मी पट्टीने मोजलं. १७ सेंटिमीटर. म्हणजे जवळपास सहा महिने.

स्कूटर बंद आहे, ॲक्सिलरेटर पिळवत नाही. जांभळी नाक्यावरून भाजी आणायला लेकाला पाठवते, तो गवार म्हणून काय आणतो ते वेगळ्या धाग्यात.

---

जुई_नेरूळ | २४ सप्टेंबर, रात्री ९:५५

व्रण पूर्ण सुकला की सर्जनला विचारून खोबरेल लावून गोल गोल चोळायला लागा. शंकेखोरांचं तेल अखेर कामी आलं :)

---

शंकेखोर | २४ सप्टेंबर, रात्री १०:३०

आभारी आहे. माझीही एनसीव्ही झाली, माइल्ड निघाली. पट्टा लावून झोपतोय, बायको म्हणते हात आहे की क्रिकेटची बॅट.

---

पोळपाट_लाटणं | १४ ऑक्टोबर, रात्री ८:४५

पाच आठवडे होत आले. चकल्या यंदा कळव्याच्या एका ताईंकडे दिल्या, भाजणी मात्र माझी. सोऱ्या एकदा उगाच दाबून बघितला. हस्तरेषा, तुमचं पिलर पेन अगदी तिथेच आहे, नकाशा काढल्यासारखं.

आज पहिल्यांदा पोळी लाटली. कणीक मावशींनी मळली होती. लाटणं तळव्याखाली न घेता बोटांनी फिरवलं, त्यामुळे पोळीचा महाराष्ट्र झाला, कोकणची बाजू जाड. पण कडेला कुठे जाड राहिलंय ते बोटाला कळलं, न बघता. चार केल्या आणि थांबले.

आजोबांना त्यातल्या दोन पाठवल्या.